खेळातील बाई आणि तिचे कारागीर



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा आपल्या गावातील दोन ज्येष्ठ मंडळींनी मला बाजारात गाठून विचारले, "काय हो, तोडणीचा दर आणि वाहतुकीचा दर सोडून हे पोरांच्या खेळाचे काय काढलेत? तुमचे काम संपले काय?" माझे काम संपलेले नाही. ते संपेल अशी चिन्हेही दिसत नाहीत. परंतु ज्या विषयाने मला गेले दीड वर्ष झोप नीट लागू दिली नाही, तो मी आपल्यापुढे मांडावा असे ठरवले. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि हातात कोयता आला. पुढचे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या गेटसमोर, मोर्चा कधी आत घेतात याची वाट पाहत. इंग्रजी वाचतो ते शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा चूकभूल असेल ती पदरात घ्यावी.

गेल्याच्या गेल्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याच्या हद्दीत आपल्याकडच्या टोळ्या उतरल्या होत्या. मी हिशेबाच्या तक्रारी लिहून घेण्यासाठी कोप्यांवर फिरत होतो. संध्याकाळची वेळ, चुली पेटलेल्या. एका कोपीच्या दारात बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर गेम खेळत बसला होता. आत्ताच्या मुलांना 'खेळत बसला' म्हटले तर काही वाटत नाही. आमच्या वेळी खेळणे आणि बसणे या दोन गोष्टी एकत्र होत नसत. मी वाकून पाहिले. पडद्यावर एक बाई बंदूक घेऊन धावत होती. कमर इतकी बारीक, की तिच्यात आतडी कुठे ठेवली असतील असा प्रश्न पडावा. लढाईला निघाली होती, पण अंगावर जे होते ते लढाईला जाणाऱ्याने घालावे असे मुळीच नव्हते.

मी विचारले, "ही कोण रे?"

"मामा, ह्यो मीच हाये."

"अरे, ही तर बाई आहे!"

"हां, बाईच घेतली. हिची स्किन भारी हाये."

स्किन म्हणजे कातडे. पैसे भरून पात्राचा पोशाख बदलता येतो, त्या पोशाखाला हे लोक कातडे म्हणतात. शब्द मला लागला. चार पावलांवर त्या मुलाची आई भाकरी थापत होती. पहाटे चारला उठून दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई. तिच्या अंगावर साडीवरून नवऱ्याचा जुना सदरा होता, कारण उसाचे पाचट कातडे सोलते. मुलाच्या हातात एक बाई आणि पाठीमागे एक बाई. दोघींच्या मध्ये तो बसलेला. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हते. मलाच वाटले, म्हणून मी चौकशीला लागलो.

चौकशीत पहिला प्रश्न कामगार चळवळीतला माणूस नेहमी विचारतो तोच विचारला. वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातची आहे, कोणाच्या हुकमावरून घडली आणि तिचे पैसे कोणाच्या खिशात गेले? खेळातील बाई ही वस्तूच आहे. ती आकाशातून पडलेली नाही. तिची कमर कोणीतरी आखली, कोणीतरी मंजूर केली आणि कोणीतरी विकली.

आता आपणा महाराष्ट्रीयांना ही गोष्ट नवीन वाटण्याचे कारण नाही. पुरुषांनी बाई घडवायची आणि पुरुषांनीच ती पाहायची, हा कारभार आपल्याकडे पूर्वीपासून चालत आला आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके यांना साडी नेसवून उभे केले. याच साळुंक्यांनी पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली! त्यांची मला थट्टा करायची नाही. हॉटेलातला कामगार भारताची पहिली चित्रतारका झाला, याचा मला अभिमानच आहे. पण तारामती कशी उभी राहते, कशी रडते, हे तेव्हा एकाही बाईला विचारावे लागले नाही, हेही लक्षात घ्या. त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. हे धैर्य केवढे होते याची आज कल्पना येणार नाही. विक्रम गोखले यांना आपण सर्वांनी पाहिले आहे. कमलाबाई त्यांच्या आजी.

बालगंधर्वांची गोष्ट तर याहून विचार करायला लावणारी. नारायणराव राजहंस रंगमंचावर ज्या तऱ्हेने साडी नेसत, गजरा माळत, त्या तऱ्हेचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या घरंदाज स्त्रिया करू लागल्या. म्हणजे पुरुषाने रंगवलेली स्त्री पाहून खऱ्या स्त्रिया आपली चाल बदलू लागल्या. चित्र खोटे असते, म्हणून त्याचा परिणामही खोटा असतो असे समजणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. बालगंधर्वांनी तिला सुंदर केले, खानदानी केले. सगळेच कारागीर तसे नसतात.

या खेळांच्या दुनियेत सर्वांत नाव झालेली बाई म्हणजे लारा क्रॉफ्ट. इंग्लंडात डर्बी गावच्या एका कंपनीने 1996 साली 'टूम रेडर' नावाचा खेळ काढला, त्याची ही नायिका. पुराणवस्तूंचा शोध घेणारी, शिकलेली, कोणाच्या आधाराशिवाय गुहा-डोंगर पालथे घालणारी. तिचे चित्र टोबी गार्ड नावाच्या तरुण कारागिराने काढले. मुळात त्या जागी पुरुष नायक असायचा होता. त्याने तिथे बाई आणली. चांगली गोष्ट केली. पण खेळ खपू लागला तशी जाहिरातवाल्यांनी त्या बाईचा ताबा घेतला. तिची हुशारी मागे पडली, अंग पुढे आले. तिच्यासारखे कपडे घालून खऱ्या मुली जाहिरातीला उभ्या करण्यात आल्या. हे जे चालले होते ते तिच्या कारागिराला पटले नाही आणि 1997 मध्ये तो कंपनी सोडून गेला. माल राहिला, कारागीर गेला. आमच्या क्षेत्रात हे रोज पाहायला मिळते. पुढे 2013 साली त्याच लाराची नवी मांडणी झाली. तेव्हा कथा लिहिण्याचे काम रिआना प्रॅचेट या बाईंकडे होते. त्या खेळातील लारा अंगावर नीट कपडे असलेली, चिखलाने माखलेली, पडली तर लागणारी अशी आहे. आणि तो खेळही खपला. तेव्हा 'गिऱ्हाईकच तसले मागते' असे जे मालक म्हणतात, ते कितपत खरे आहे ते आपणच पाहा. उलट 2022 साली दुसऱ्या एका खेळाच्या नायिकेच्या गालावर बारीक लव दाखवली, जशी ती प्रत्येक माणसाच्या गालावर असते, तेव्हा काही पुरुषांनी केवढी ओरड केली! बाईच्या गालाला लव असते हे त्यांना त्या दिवशी कळले असावे.

"पुरुषही खोटेच दाखवतात की, केवढाले दंड, केवढाली छाती," असा एक आक्षेप घेतात. आक्षेप खोटा नाही, पण दोन्हींत फरक आहे. पुरुषाचा दंड फुगवतात तो 'मला असे व्हायचे आहे' या पाहणाऱ्याच्या इच्छेपोटी. बाईचे अंग फुगवतात ते 'मला हे पाहिजे आहे' या इच्छेपोटी. एकात पाहणारा स्वतःला पाहतो, दुसऱ्यात माल पाहतो.

हे मी येथे निवांतपणे सांगतो आहे, आपणही निवांतपणे ऐकत आहात. अनिता सारकीझियन या बाईंना ते साधले नाही. खेळांतील स्त्रीपात्रांचे परीक्षण करणारी चित्रफितींची मालिका काढण्यासाठी त्यांनी 2012 साली लोकवर्गणी मागितली. सुमारे सात हजार लोकांनी मिळून दीड लाख डॉलर्सहून अधिक रक्कम दिली. त्याचबरोबर शिव्या आणि धमक्याही आल्या. त्यांच्या छायाचित्राला बुक्के मारण्याचा एक खेळच कोणा महाभागाने तयार केला. ऑक्टोबर 2014 मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या विद्यापीठात त्यांचे व्याख्यान ठरले होते. सभेत गोळीबार करू अशी धमकी आली. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवाना असलेल्याला सभागृहात पिस्तूल आणण्यास बंदी करता येत नव्हती, म्हणून बाईंनी व्याख्यान रद्द केले. एका खेळातल्या चित्रावरून! जेथे माणसे एवढी पेटतात तेथे प्रश्न चित्राचा नसून मालकीचा असतो, हे चळवळीत राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

मग उपाय काय? आपल्याकडे पहिला उपाय सुचतो तो बंदीचा. समोर बसलेल्या काही वडीलधाऱ्यांच्या मनातही तोच असेल. मी बंदीच्या बाजूचा नाही आणि त्याला कारण आहे. 2005 साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली. स्त्रीची अप्रतिष्ठा होते, समाज बिघडतो, अशी कारणे दिली. पण त्याच कायद्यात तीन तारांच्या आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती! म्हणजे गरिबाच्या बारमध्ये नाच झाला की अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलात झाला की संस्कृती. सुमारे पंचाहत्तर हजार बायकांची रोजी गेली असे तेव्हा सांगितले जात होते. त्या बायकांनी युनियन केली, लढल्या. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बारमधला नाच चांगला की वाईट, यावर मी येथे बोलत नाही. मला दिसले ते एवढेच, की बाईच्या प्रतिष्ठेसाठी कायदा झाला आणि त्यात बाईला कोणी विचारले नाही. पैसे उधळणारा घरी गेला, मालकाने दुसरा धंदा काढला, रस्त्यावर आली ती बाई.

बंदीने खेळही थांबत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, ती अश्लीलतेसाठी नव्हे, माहितीच्या सुरक्षिततेसाठी. आणि दहा महिन्यांत तोच खेळ नवे नाव लावून परत आला. पोरांना मधल्या काळात काय खेळावे हा प्रश्न पडला नाही. अश्लीलतेचा खटला म्हटला की मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांसारख्या माणसाला ते काम आपले वाटले, हे मी कार्यकर्त्यांच्या शिबिरात आवर्जून सांगतो. लैंगिक विषय झाकून ठेवा, अशी माझी मागणी नाही. शृंगाराचे मला वावडे नाही. ज्या मराठीने लावणी दिली तिच्यात जन्मलेल्या माणसाला ते असूच नये. आणि आमच्या भागात फड उसाचाही असतो व तमाशाचाही. दोन्ही फडांत बाई राबते.

म्हणून मी पुन्हा कारखान्याकडे वळतो. हे खेळ जेथे तयार होतात त्या कारखान्यात काय चालते?

2016 साली दक्षिण कोरियात एका खेळातील पात्राला आवाज देणाऱ्या नटीने 'मुलींना राजपुत्राची गरज नाही' अशा अर्थाची अक्षरे असलेला सदरा घालून छायाचित्र टाकले. खेळणाऱ्या काही पुरुषांनी आरडाओरडा केला आणि एका दिवसात कंपनीने तिचा आवाज खेळातून काढून टाकला. सदऱ्यावरून नोकरी! मी तीस वर्षांत कामावरून काढण्याची पुष्कळ कारणे ऐकली आहेत, हे नव्हते ऐकले.

अमेरिकेतील ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही या धंद्यातली मोठी कंपनी. जुलै 2021 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने तिच्यावर दावा लावला. स्त्रियांना पगार कमी, बढती उशिरा आणि कामाच्या जागी छळ, असे आरोप होते. कंपनीने ते नाकारले. 28 जुलैला कामगार काम सोडून बाहेर आले. आता गंमत ऐका. त्याच वर्षी त्या कंपनीच्या एका प्रसिद्ध खेळात भिंतीवर टांगलेले एका पहुडलेल्या बाईचे चित्र होते, ते काढून त्या जागी फळांचे भांडे रंगवण्यात आले. बाईच्या जागी द्राक्षे! मी हे वाचले तेव्हा एकटाच हसलो. तक्रार पगाराची होती, बढतीची होती, साहेबाच्या वागण्याची होती. उत्तर मिळाले ते चित्र बदलून. बाई उघडी दाखवायची नाही म्हणून बाईच काढून टाकली. डिसेंबर 2023 मध्ये त्या दाव्यात सुमारे साडेपाच कोटी डॉलर्सची तडजोड झाली, ती मुख्यतः पगार आणि बढती यांतील भेदभावाच्या मुद्द्यावर. फळांच्या भांड्याने ते पैसे मिळवून दिले नाहीत. त्याच कंपनीच्या रेव्हन नावाच्या शाखेत खेळ तपासणारे थोडे कामगार होते. तयार खेळ पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. त्या जागी मे 2022 मध्ये युनियनसाठी मतदान झाले आणि 19 विरुद्ध 3 मतांनी युनियन झाली. आकडा लहान आहे. आमची पहिली बैठक सतरा माणसांची होती.

या सर्वांतून मी असा निष्कर्ष काढत होतो, की ज्या टेबलावर चित्र मंजूर होते त्या टेबलाशी बाई बसली की चित्र आपोआप सुधारेल. निष्कर्ष सोपा होता आणि मला आवडलाही होता. तो अर्धा खरा निघाला. कसा ते सांगतो, आणि येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

आपल्या जिल्ह्यातून तोडणीला जाणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा. बाई दिवसभर राबते, पण मुकादमाच्या वहीत तिचे नाव नसते. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, डॉक्टरकडे गेले तर भीती, म्हणून अवयवच काढून टाकायचा. बाईचे अंग म्हणजे दुरुस्त करायचे यंत्र, असा तो हिशेब. ज्या वहीत बाईला नाव नाही आणि ज्या पडद्यावर बाईला फक्त अंग आहे, त्या वहीत आणि त्या पडद्यात मला नाते दिसते. माझे म्हणणे ओढूनताणून आणलेले वाटत असेल तर सोडून द्या, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तर या अहवालानंतर स्त्री कामगारांचा मेळावा घ्यायचे आम्ही ठरवले. फलक करायचा होता. मी आणि आमचे दोन सहकारी, तिघेही पुरुष, एका मुलाच्या दुकानात गेलो. त्याने संगणकावर अर्ध्या तासात चित्र काढून दिले: उसाचा फड, सूर्य उगवतो आहे, आणि पुढे कोयता उगारलेली बाई. मी म्हणालो, वा! आणि दोनशे प्रती छापायला सांगितल्या. मेळाव्याच्या दिवशी फलक लागला. पुढच्या ओळीत बसलेल्या एका आक्कांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि मला हाक मारली, "भाऊ, ही कोन बया?"

मी म्हटले, "आक्का, ही आपलीच. ऊसतोड कामगार."

"आपली? हिच्या हातात कोयता हाये, पन हाताला घट्टा न्हाई. अन् पदर बघा कुठं चाललाय. अशा पदरानं मोळी उचलली तर मुकादमच आडवा येईल." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, पण कान गरम झाले. ती गोरी, बारीक कमरेची, ओठ रंगवलेली बाई मी मंजूर केली होती. त्या कोपीतल्या पोराच्या पडद्यावरची बाईच मी मेळाव्याला आणून उभी केली होती, फक्त बंदुकीच्या जागी कोयता दिला होता. मी तीस वर्षे बायकांमध्ये काम केले, त्यांच्या चुलीवरचा चहा प्यालो, आणि त्यांचे चित्र काढायची वेळ आली तेव्हा एकीलाही विचारले नाही.

पुढच्या वर्षी मी सावध झालो. पाच बायकांना त्याच दुकानात घेऊन गेलो आणि म्हटले, तुम्ही सांगा, तो काढील. माझी कल्पना अशी की आता खरी, रापलेली, फाटक्या सदऱ्यातली बाई उभी राहील. झाले उलटेच. एक म्हणाली, साडी नवी पाहिजे, काठाची. दुसरी म्हणाली, नाकात नथ दाखवा. मी चाचरत म्हणालो, "पण आक्का, फडात नथ कोण घालतं?" त्यावर त्याच आक्का म्हणाल्या, "फडात न्हाई घालत, म्हनून फोटोतबी न्हाई घालायची का? रोजच आम्हाला चिंध्यात दावता." हाताला घट्टे मात्र त्यांनी मागून घेतले. पायात बूट हवेत, हेही सांगितले. बूट ही आमची जुनी मागणी आहे. तोंडावर हसू असावे की नाही यावर पाऊण तास वाद झाला आणि दुकानदार मुलगा कंटाळून चहाला गेला.

त्या पाऊण तासात माझा सोपा निष्कर्ष मोडला. नटणे हा दोष नव्हे, सुंदर दिसण्याची इच्छा हाही नव्हे. 'बेयोनेटा' नावाचा 2009 चा एक जपानी खेळ आहे. त्याची नायिका नखरेल आहे, अंगप्रदर्शनही भरपूर. पण तिची आकृती मारी शिमाझाकी या स्त्रीने काढली आहे आणि तिच्यावरून आजही स्त्रियांमध्येच दोन तट आहेत. काहींना ती स्वतःच्या मर्जीची मालकीण वाटते, काहींना पुरुषाच्या डोळ्यासाठी उभी केलेली बाहुली. या वादात निकाल देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि तो नाही हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आपल्या राज्यातले एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने 2020 साली 'राजी' नावाचा खेळ काढला. कंपनीच्या संस्थापकांत श्रुती घोष या चित्रकार आहेत. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी; राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गेने दिलेला त्रिशूळ तिच्या हातात असतो. खेळातली चित्रे पहाडी शैलीची आठवण देणारी आहेत. घागरा घातलेली ही मुलगी भिंतीवर चढते, उड्या मारते, लढते आणि तिच्या अंगाकडे बघत राहा असे तो खेळ कुठेही सुचवत नाही. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी मंडळींनी नेट सोडला नाही. पुढे त्याच वर्षीच्या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. मला आवडले ते हे, की सर्कशीतली मुलगी म्हणजे कष्टकऱ्याची मुलगी. तिच्या उड्या तिच्या धंद्यातून आल्या आहेत. तिच्या हाताला घट्टे असणार, चित्रात दिसोत वा न दिसोत.

हा खेळ मी त्या कोपीतल्या मुलाला दाखवायचे ठरवले होते. त्याचा मोबाइल जुना, त्यावर तो चालेना. आमच्या कार्यालयातल्या संगणकावर लावला. तो खेळला, चांगला खेळला. त्याच्या धाकट्या बहिणीने नंतर दोन तास सोडला नाही. मीही हात घातला होता. दुसऱ्याच राक्षसाने मला दरीत टाकले. मुलगी म्हणाली, "मामा, तुमी नुसतं बगा."

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे असे मला आधीच सांगितले होते. उजव्या बाजूला कन्याशाळेच्या मुली बसल्या आहेत. मी बोलत असताना त्यांच्यात दोनदा कुजबूज झाली आणि एकदा, लाराचे सांगत होतो तेव्हा, एकीने ठामपणे मान नकारार्थी हलवली. माझे काय चुकले ते तिला माहीत आहे असे दिसते. कार्यकर्त्यांनी ध्वनिक्षेपक आधी तिकडे न्यावा.